खारीचाही वाटा

चातुर्मास लागला, की आमच्या घराचे घड्याळ सूर्याच्या हाती जाते. सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकायचे, हा सौभाग्यवतींचा दंडक आहे व त्यास अपील नाही. म्हणून २०२५ च्या जुलै महिन्यात नववीतील नातवाने नवा ‘सुपरमॅन’ पाहण्याचा हट्ट धरला, तेव्हा चिरंजीवांनी दुपारचा खेळ निवडला. तिकिटे तीन काढली. निवृत्त माणसास दुपारी काय उद्योग असतो, असा सरळ हिशेब त्यामागे असावा.

आकाशातून उडणाऱ्या, निळ्या पोशाखावर तांबडा अंगरखा मिरवणाऱ्या त्या पुरुषाशी माझा परिचय जुजबी होता. १९७८ सालचा ख्रिस्तोफर रीव्ह यांचा ‘सुपरमॅन’ मी महाविद्यालयीन दिवसांत पाहिला होता. त्यानंतर त्याच्याशी व्यवहार उरला नव्हता. परंतु या वेळी चित्रपटापेक्षा अधिक रंगला तो घरी परतल्यानंतरचा वाद.

पानावर बसताच नातू म्हणाला, “सगळ्यात भारी म्हणजे खारीचा प्रसंग!”

चिरंजीव उसळले. “बाबा, तुम्हीच सांगा. अर्धे शहर कोसळत असताना हा गृहस्थ खारीला वाचवत बसतो. हे पटते का तुम्हाला?”

“मग काय, खारीला मरू द्यायचे?” नातवाने विचारले.

“आधी जेवा,” सौ. म्हणाल्या. “सूर्य कोणासाठी थांबायचा नाही.”

ज्या वाचकांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी प्रसंग थोडक्यात सांगतो. एक अजस्र प्राणी महानगरात थैमान घालीत आहे. सुपरमॅन त्याच्याशी झुंजत आहे आणि त्याच वेळी पायांखाली सापडू पाहणाऱ्या माणसांना बाजूला काढीत आहे. इतक्यात त्याचे लक्ष एका खारीकडे जाते. तो झेप घेतो, तिला उचलतो आणि सुरक्षित जागी ठेवतो. सारा प्रसंग काही क्षणांचा आहे. चित्रपटातील कोट्यवधी डॉलरच्या देखाव्यांपुढे तो किरकोळ रकमेसारखा वाटावा. तथापि बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसास ठाऊक असते, की ताळेबंद अडतो तो बहुधा किरकोळ रकमेवरच.

आमच्या पानावरचा हा तंटा केवळ आमचा नव्हता. चित्रपटाचे दिग्दर्शक जेम्स गन यांनीच मुलाखतीत सांगितले आहे, की प्रदर्शनापूर्वी निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखविला असता काहींनी ‘हा खारीला का वाचवतो?’ असा सवाल केला. त्यामुळे त्यांनी एकदा तो प्रसंग काढूनही टाकला. पण मग त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखे वाटू लागले आणि खार पुन्हा चित्रपटात आली. म्हणजे या एवढ्याशा जीवाला दिग्दर्शकाच्या मेजावरही एकदा मरण व एकदा जीवदान मिळाले.

हा वाद समजून घ्यायचा, तर थोडे मागे जावे लागते. जेरी सीगल व जो शुस्टर या क्लीव्हलँडमधील दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला. दोघेही ज्यू स्थलांतरितांची मुले. १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो अवतरला व त्याचे सर्व हक्क या दोघांनी अवघ्या १३० डॉलरना विकले. ती रक्कम ज्या धनादेशात समाविष्ट होती, तो ४१२ डॉलरचा धनादेश २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरना विकला गेला. वटवून रद्द झालेल्या धनादेशाला असा भाव आल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही! निर्मात्यांना मात्र दीर्घकाळ हलाखी सोसावी लागली. अखेर १९७५ साली, मोठा चित्रपट येऊ घातला असताना, कंपनीने प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलर देऊ केले आणि त्यांची नावे पुन्हा कथेवर झळकू लागली.

तेव्हापासून दर पिढीला तिचा सुपरमॅन मिळत आला आहे. हल्ली यास ‘रीबूट’ म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचे, तर जुने खाते बंद करून त्याच नावाने नवे खाते उघडावे, आणि मागील शिल्लक पुढे ओढू नये, तसा हा प्रकार. अडचण एवढीच, की जुने खातेदार आपले जुने पासबुक विसरत नाहीत. चिरंजीवांचे पासबुक २०१३ सालचे आहे. त्या वर्षी झॅक स्नायडर यांचा ‘मॅन ऑफ स्टील’ आला. त्यात हेन्री कॅव्हिल हे नायक होते. चिरंजीव तेव्हा नुकतेच नोकरीस लागले होते. नातवाचे पासबुक आजचे आहे, डेव्हिड कोरेन्स्वेट यांचे.

दोहोंतील अंतर केवळ नटांचे नाही. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये बालवयातील क्लार्क नदीत कोसळलेल्या बसमधील मुलांना वाचवतो. ‘मग मी त्यांना मरू द्यायला हवे होते का?’ असे तो पित्यास विचारतो आणि पिता उत्तरतो, ‘कदाचित.’ मुलाचे गुपित जगाला कळेल, या धास्तीने तो असे बोलतो. तेथे बसभर मुलांविषयी ‘कदाचित’, आणि येथे एका खारीविषयी क्षणाचाही विचार नाही! प्रेक्षकांत फळी का पडली, हे यावरून ध्यानी यावे.

२०१३ च्या चित्रपटाच्या शेवटी झॉड नावाचा शत्रू एका कुटुंबाला जाळून मारू पाहतो. सुपरमॅनपुढे दुसरा मार्ग राहत नाही व तो त्याची मान मोडून त्याला ठार करतो. या दृश्यावरून अमेरिकेतील प्रेक्षक अक्षरशः हातघाईवर आले. सुपरमॅनच्या कथा लिहिणारे नामवंत लेखक मार्क वेड यांनी उघडपणे नापसंती नोंदविली. सुपरमॅन ठार मारीत नाही, हा त्यांच्या दृष्टीने त्या व्यक्तिरेखेचा पायाच होता. उलट पक्षाचे म्हणणे असे, की खऱ्या जगात शक्तिमान माणसाला कठोर निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांचे ओझेही वाहावे लागते. त्यांना हा दुःखी, एकाकी नायक आपलासा वाटला.

या दुसऱ्या पक्षाची थट्टा करण्याचा मोह मला झाला होता. पण तो पक्षही उथळ नाही. २०१७ साली स्नायडर यांच्या तरुण कन्येने आत्महत्या केली आणि ते ‘जस्टिस लीग’ हा चित्रपट अर्धवट सोडून बाजूला झाले. पुढे त्यांच्या चाहत्यांनी त्यांची मूळ आवृत्ती प्रकाशित व्हावी म्हणून चळवळ चालविली आणि तिच्या जोडीने आत्महत्या-प्रतिबंधाचे कार्य करणाऱ्या संस्थेसाठी ५ लाख डॉलरहून अधिक निधी जमविला. चळवळीतील काहींची भाषा कटू होती, हे खरे. पण ज्यांनी दुःखाला असा दानाचा मार्ग दाखविला, त्यांना केवळ भांडखोर म्हणून निकालात काढणे न्याय्य होणार नाही.

नव्या चित्रपटाविषयीची मते त्याहून विविध आहेत. गन यांनी सुपरमॅन ही एका स्थलांतरिताची कथा असल्याचे म्हटले, त्यावरून अमेरिकेत राजकीय धुरळा उडाला. सुपरमॅनच्या जन्मदात्यांना या कथेत सत्तालोभी दाखविले, म्हणून जुने वाचक नाराज झाले. मला मात्र ती कल्पना आवडली. मायबापांनी ‘या पृथ्वीवर राज्य कर’ असा संदेश देऊन पाठविलेला मुलगा, कॅन्ससच्या शेतकरी पालकांच्या संस्कारांमुळे सेवाभावी होतो. माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. आपल्याकडील प्रेक्षकांचा रोष आणखी निराळा होता. परिनिरीक्षण मंडळाने नायक-नायिकेच्या चुंबनाची सुमारे ३३ सेकंदांची दृश्ये कापली, पण हाणामारी राहू दिली. या बाबतीत नातवादेखत मत देण्याचे मी टाळले. परंतु मुलांपुढे प्रेम नको आणि हिंसा चालेल, हा हिशेब मलाही जुळविता आलेला नाही.

आकड्यांकडे पाहण्याची खोड जात नाही, म्हणून सांगतो. अमेरिकेत ‘सिनेमास्कोअर’ नावाची पद्धत आहे. पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून तेथल्या तेथे श्रेणी घेतली जाते. २०१३ च्या चित्रपटाला प्रेक्षकांनी दिलेली श्रेणी होती ‘ए मायनस’. २०२५ च्या चित्रपटालाही ‘ए मायनस’च. जगभरातील उत्पन्नही फार दूर नाही. पहिल्याचे ६६ कोटी डॉलरच्या वर, दुसऱ्याचे ६१ कोटी डॉलरच्या वर. ज्यांना जगाने दोन ध्रुव ठरविले, त्यांना तिकीट काढून गेलेल्या साध्या प्रेक्षकाने एकाच मापाने पसंती दिली. त्याला दोन्ही भावले असावेत.

अशा वेळी आपल्यापैकी कोणीतरी ‘अनेकांतवाद!’ असे म्हणून वाद मिटवितो. पण अनेकांत म्हणजे सगळ्यांचे सगळेच खरे, असा स्वस्त समझोता नव्हे. कोण कोणत्या नयातून, म्हणजे कोणत्या दृष्टिकोनातून बोलत आहे हे आधी तपासणे, त्यातील सत्यांश मान्य करणे, आणि मग विवेकाने निर्णय करणे, असा तो कष्टाचा मार्ग आहे. तो या वादाला लावून पाहिला.

चिरंजीवांचा नय प्रथम घेऊ. झॉडला ठार मारणे चूक होते काय? आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार सांगितले. निरपराधांच्या रक्षणासाठी आक्रमकाविरुद्ध घडणारी ती विरोधी हिंसा. श्रावकाला तिचा सर्वथा त्याग सांगितलेला नाही, संकल्पी हिंसेचा मात्र सांगितला आहे. झॉडला मारल्यावर तो नायक आनंदाने गर्जना करीत नाही, गुडघे टेकून आक्रोश करतो. म्हणजे त्या कृत्याचे दुःख त्याला आहे. तेव्हा या मुद्द्यावर मी चिरंजीवांच्या बाजूने कौल दिला आणि नातू हिरमुसला.

पण माझे बोलणे संपले नव्हते. त्याच चित्रपटात त्याआधी दोन महाबलींच्या झुंजीत गगनचुंबी इमारती पत्त्यांसारख्या कोसळतात. त्यांत माणसे असतील, याचे भान नायकाला फारसे नसते, आणि बहुधा कॅमेऱ्यालाही नसते. २०१६ च्या पुढील चित्रपटात त्याच उद्ध्वस्त शहराचा जाब कथेलाच द्यावा लागला. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्या आधी प्रमाद ठेवला आहे. बेसावधपणातून होणारा प्राणघात म्हणजे हिंसा. क्रूर माणसाच्या हातून हिंसा होतेच, पण जो मोठ्या कामाच्या धुंदीत पायाखाली पाहत नाही, त्याच्याही हातून ती होते. मला खटकले ते हे. झॉडचा वध नव्हे, त्याआधीचा प्रमाद.

आता खार पाहा. ती वाचविणे म्हणजे भाबडेपणा, असे चिरंजीवांना वाटले. मला त्यात अप्रमाद दिसला. ज्याचे लक्ष राक्षसी प्राण्याशी झुंजतानाही खारीकडे जाते, त्याचे लक्ष माणसाकडे जाणार नाही, असे होईल काय? आपले साधू-साध्वी पावसाळ्याचे चार महिने विहार थांबवितात, तो सूक्ष्म जीवांची विराधना टळावी म्हणून. चालताना चार हात भूमी पाहून पाऊल टाकणे, ही ईर्यासमिती. जो भूमीवर फारसा पाऊलच टाकीत नाही, त्या उडत्या पुरुषाने ईर्यासमिती पाळावी, याचे मला मोठे कौतुक वाटले. इतकेच नव्हे, त्या अजस्र प्राण्यालाही ठार न मारता काही मार्ग काढावा, अशी त्याची खटपट असते. त्याचे सहकारी प्राण्याला मारून मोकळे होतात, तेव्हा तो खिन्न होतो.

नातवाला मी मेघकुमाराची कथा सांगितली. ज्ञाताधर्मकथेत ती आली आहे. पूर्वभवी मेघकुमार मेरुप्रभ नावाचा हत्ती होता. वणव्यापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अरण्यात गवत व झाडे उपटून एक मोकळे मंडल तयार केले होते. वणवा पेटला, तेव्हा सारे प्राणी त्या मंडलात दाटीवाटीने येऊन उभे राहिले. हत्तीने अंग खाजविण्यासाठी पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवला, तर ससा चिरडणार. हत्तीने पाय तसाच अधांतरी धरला. अडीच दिवस! वणवा शांत झाला, प्राणी निघून गेले, आणि ताठरलेला पाय टेकू पाहणारा हत्ती कोसळला. त्या करुणेच्या पुण्याने तो श्रेणिक राजाच्या घरी राजपुत्र म्हणून जन्मला.

या कथेत हत्तीने काय केले? सोंडेने वृक्ष उपटले, ते बळ. पण त्याचे नाव राहिले ते खाली न ठेवलेल्या पायामुळे. भरतावर उगारलेली मूठ बाहुबलींनी मध्येच आवरली, असे श्वेतांबर परंपरा सांगते. दिगंबर परंपरा सांगते, की उचलून धरलेल्या भरताला त्यांनी आपटले नाही, अलगद खाली ठेवले. दोन्हींत बळाची कसोटी एकच आहे. ते कोठे वापरले, यापेक्षा कोठे आवरले.

नातू विचार करून म्हणाला, “म्हणजे त्या शहरात वणवा पेटला होता, आणि खार म्हणजे ससा.”

“आणि अंगरखा घातलेला हत्ती!” चिरंजीव हसून म्हणाले. पण त्यांचा प्रश्न संपला नव्हता. “बाबा, हे कथेत ठीक आहे. खऱ्या आयुष्यात मोठी जबाबदारी अंगावर असताना प्रत्येक खारीकडे पाहायला वेळ कुठून आणायचा? तुम्ही आणला होतात?”

प्रश्न वर्मी लागला. मी नव्हता आणला. जे त्या दिवशी पानावर सांगितले, तेच येथे लिहितो.

नव्वदच्या दशकातील एका ३१ मार्चची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी एका शाखेत होतो. वर्षअखेर, मोठी कर्जखाती नियमित करण्याची घाई, वरच्या कार्यालयाचे दूरध्वनी, अशा धांदलीत एक वृद्ध बाई माझ्या मेजापाशी आल्या. त्यांची २,००० रुपयांची ठेव होती व ती मोडायची होती. मी मान वर न करता म्हणालो, “उद्या या.” वास्तविक १ एप्रिलला वार्षिक हिशेबामुळे बँकेचे व्यवहार लोकांसाठी बंद असतात, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? मी त्यांना फसविले नाही. मी केवळ लक्ष दिले नाही. सवयीने तोंडातून शब्द गेले.

त्या दुसऱ्या दिवशी आल्या. आम्ही आत खातेवह्या जुळवीत होतो आणि दार लोकांसाठी बंद होते. खेड्यातून एस.टी.ने आलेल्या एक आजी बराच वेळ पायरीवर बसून परत गेल्याचे शिपायाने मला सायंकाळी सांगितले. त्या तिसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. काही बोलल्या नाहीत. अंगठा उठविला, पैसे मोजून पदरात बांधले आणि गेल्या. ते पैसे त्यांना कशासाठी हवे होते, हे मी विचारले नव्हते. आज मला त्या वर्षीच्या मोठ्या खात्यांची नावे आठवत नाहीत. तो पदर आठवतो.

पानावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग चिरंजीव हळूच म्हणाले, “बाबा, दोन मिनिटांचेच काम होते ना ते?”

“दोन मिनिटांचेही नव्हते,” मी म्हणालो. “‘उद्या’च्या जागी ‘परवा’ म्हटले असते, तरी पुरे होते.”

खारीला वाचविण्यासाठी सुपरमॅनलाही एवढाच वेळ लागला होता. वेळ नसतो, असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा लक्ष नसते. मोठ्या कामात लहानांनी हातभार लावावा, म्हणून आपल्या भाषेत ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग आला. त्याची दुसरी बाजू मला या चित्रपटाने दाखविली. बलवंताच्या लक्षातही खारीचा वाटा असला पाहिजे.

चित्रपट चांगला की वाईट, याचा निकाल मी देणार नाही. त्यात गोंगाट पुष्कळ आहे व मध्यंतरानंतर माझे कान थकले, हेही नमूद करतो. पण ज्या प्रेक्षकांनी ‘खारीला का वाचवतो?’ असे विचारले, त्यांचा मी ऋणी आहे. त्यांनी विचारले नसते, तर आमच्या पानावर तो प्रश्न आला नसता आणि माझ्या मनात इतकी वर्षे ‘उचंत’ खात्यात पडून राहिलेली नोंद निघाली नसती.

पर्युषण पर्व जवळ येत आहे. संवत्सरीला आपण आप्तेष्टांना, मित्रांना आणि ज्यांच्याशी भांडलो त्यांनाही क्षमा मागतो. ज्यांच्याकडे पाहायचेच राहून गेले, त्यांची आठवण सहसा होत नाही. यंदा मी प्रतिक्रमणास बसेन, तेव्हा त्या आजींना प्रथम स्मरेन. त्या आता हयात नसतील. नाव मला माहीत नाही. तरीही, आजी, मिच्छा मि दुक्कडं.